पेठेतला रस्ता आणि पायी चालणारा माणूस

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि गादीचे वारस आपल्या डोळ्यांपुढे येतात. पायांखालच्या रस्त्यालाही इतिहास असतो, आणि तो वाचण्यासाठी दप्तरखान्यात जावे लागत नाही. पेठेतून तासभर पायी हिंडले तरी पुरते. पुण्याच्या पेठांतून आम्ही तसे हिंडलो. जे दिसले ते आपल्यापुढे ठेवतो.

कसब्याभोवती वारांच्या नावांच्या पेठा वसत गेल्या, त्या चालणाऱ्याच्या मापाने. पासोड्या मारुती, पत्र्या मारुती, सोट्या म्हसोबा, खुन्या मुरलीधर, नगरकर तालीम ही नावेच पाहा. इतक्या जवळजवळच्या खुणा लागतात त्या पायी जाणाऱ्याला. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि ठिकठिकाणी हौद झाले. वाड्याच्या दाराशी ओटा असे. तो घराचाही होता आणि रस्त्याचाही. थकल्याभागल्याने तेथे खुशाल टेकावे.

म्हणून जुने ते सारे सोने, असे आमचे म्हणणे नाही. कित्येक बोळांत ना उजेड होता, ना सांडपाण्याची धड सोय. १८९७ च्या प्लेगने दाट वस्तीचे हाल दाखवून दिले. रस्ते रुंद करणे आवश्यकच होते. प्रश्न आहे तो असा, की वाढलेली रुंदी कोणाच्या वाट्याला गेली?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे कोसळले. जे वाचले, त्यांतील अनेकांच्या जागीही पुढे सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. रस्तारुंदीची रेषा आखलेली असेल, तेथे नवी इमारत मागे सरकते. शेजारचा जुना वाडा मात्र जागचा हलत नाही. मग रस्त्याची कडा करवतीच्या दातांसारखी होते. मागे सरकलेल्या घरापुढच्या खाचेत दुचाक्या लागतात, आणि पादचाऱ्याला वळसा घालून वाहनांच्या लोंढ्यात उतरावे लागते. ओटा गेला, त्या जागी वाहनतळ आला. रस्ता रुंद झाला. चालणाऱ्याची वाट अरुंद झाली.

याची झळ सर्वांत आधी म्हाताऱ्यांना लागते. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ रोज सकाळी देवळात आणि तेथून वाचनालयात जात. पाय अजून शाबूत आहेत. पण मधला रस्ता ओलांडवत नाही, म्हणून दोन वर्षे ते घरीच आहेत. हाकेच्या अंतरावरचे वाचनालय त्यांना परगावासारखे झाले आहे.

यावर तोड नाही असे नाही. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस गावाची पाहणी स्वतः पायी हिंडून करीत. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता घुसवण्यापेक्षा मोडकळीला आलेली थोडी घरे काढावीत, लहान चौक मोकळे करावेत, झाडे लावावीत, असा त्यांचा सल्ला असे. रोग्याचे हातपाय न तोडता गाठ तेवढी काढावी, तशी ही शस्त्रक्रिया.

पुण्यानेही पावले टाकली आहेत. महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा माणसे रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालली. २०२४ साली मंडईखाली मेट्रोचे स्थानक सुरू झाले; तेथून वर येणारा प्रवासीही पेठेत पहिले पाऊल टाकतो ते पादचारी म्हणूनच.

परंतु एका दिवसाची मोकळीक ही सणासारखी; संसार उरलेल्या दिवसांचा असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा बहुतेक श्रोते पायीच येत असतील. आज या सभेस आपल्यापैकी किती जण चालत आले, आणि किती जणांना चालत यायचे असूनही येता आले नाही, याचा ज्याने त्याने विचार करावा. ते वृद्ध गृहस्थ कोणाचाही हात न धरता पुन्हा वाचनालयात पोहोचतील, त्या दिवशी रस्ता सुधारला असे आम्ही म्हणू.