नृत्याला अभ्यासाचे आसन देणाऱ्या रोहिणीताई

मराठी शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत एका कथक नर्तकीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पं. रोहिणी भाटे यांनी कथक आणि मराठी यांचा जो संयोग घडवून आणला, त्याचा एक धागा आपल्या छत्तीसगढमधून गेलेला आहे, हे त्याचे उत्तर.

रोहिणीताईंचा जन्म १९२४ साली पाटण्यास झाला. शिक्षण मात्र पुण्यात. १९४६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. मध्यमवर्गीय घरातील मुलीने पायांत घुंगरू बांधणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. तरीही १९४७ मध्ये, वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच, त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ची स्थापना केली. संस्था उभी राहिली म्हणून त्यांचे शिकणे मात्र थांबले नाही. जयपूर घराण्याच्या सोहनलालजींकडे त्यांचा आरंभ झाला होता; पुढे लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे साधना केली. केशवराव भोळे व वसंतराव देशपांडे यांच्याकडून संगीताचे मार्गदर्शन घेतले.

यांपैकी लच्छू महाराज हे आपल्या रायगढच्या राजा चक्रधरसिंहांच्या आश्रयास राहिलेले कलावंत. स्वतः तबल्याचे व नृत्याचे जाणकार असलेल्या या राजाने लखनौ आणि जयपूर या दोन्ही घराण्यांच्या गुरूंना दरबारी पाचारण केले. दरबारांचा काळ सरल्यावर ही विद्या कोठे नांदणार, हा प्रश्न होता. रोहिणीताईंच्या कार्याचे मोल येथे कळते. त्यांनी ती विद्या सामान्य घरांतील मुलींपर्यंत नेली.

नृत्यरचनाकार म्हणून त्यांनी परंपरेचे तोडे-तुकडे जपले आणि त्यांच्या जोडीला ऋग्वेदातील उषासूक्त, कालिदासाचे काव्य असे विषय कथकात आणले. आपल्या रचनांना लागणारे संगीतही त्या स्वतः बांधत. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी नृत्याविषयी मराठीत लिहिले. ‘माझी नृत्यसाधना’ हे आत्मकथन आणि पाश्चात्त्य नर्तकी इझाडोरा डंकन हिच्या आत्मचरित्राचा ‘मी इझाडोरा’ हा अनुवाद, हे त्यांचे लेखन मराठी वाचकाला नृत्याकडे विचारपूर्वक पाहण्यास शिकवते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात त्यांनी अध्यापन केले. १९५६ साली स्थापन झालेल्या आपल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाच्या कथक अभ्यासक्रमाच्या आखणीतही त्यांचा सहभाग होता. रायगढहून निघालेला धागा असा पुण्यास जाऊन छत्तीसगढला परत आला. १९७९ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना गौरविले. २००८ साली त्यांचे निधन झाले.

आज स्नेहसंमेलनात मुलगी नाचली की पालकांना कौतुक वाटते. परंतु दहावीचे वर्ष आले की प्रथम सुटतो तो नृत्याचा वर्ग. ‘अभ्यासावर परिणाम होतो’ हे कारण मुख्याध्यापिका म्हणून मी दरवर्षी ऐकते. रोहिणीताईंनी पदवी आणि नृत्य यांत निवड केली नाही. नृत्यालाच अभ्यासाची शिस्त दिली. दुसरे असे की, हिंदी प्रदेशात वाढलेल्या कलेचे चिंतन त्यांनी मराठीत केले. हिंदी मुलखात मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्याला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मातृभाषा ही केवळ घरात बोलण्यापुरती नसून कोणत्याही विद्येचा विचार तीत करता येतो, हा विश्वास मुलांना देणे हेच आपल्या शाळेचे प्रयोजन आहे.

माजी विद्यार्थिनींपैकी ज्यांचे घुंगरू पेटीत पडून असतील, त्यांनी ते बाहेर काढावेत आणि आपल्या मुलींना वर्गात आणून सोडावे, एवढीच या निमित्ताने विनंती.