परदेशातल्या थीम पार्कची सहल : पॅकेज भरलं, आता वरखर्चाला किती पैसे न्यायचे? बुधवाऱ्यातल्या कुटुंबासाठी पूर्ण हिशेब

बुधवारा (बऱ्हाणपूर) : परदेशी सहल म्हटली की घरात पहिली चौकशी पॅकेजची होते. माणशी किती, हॉटेल कोणतं, विमान कुठून. ते पैसे एकदा भरले की खर्च संपला असं वाटतं. खरी फजिती पुढे होते. मुलं पार्कच्या दारात उभी असतात, बाबा मोबाईलवर दिरहमचे रुपये करत असतात, आणि आई म्हणते, "एवढ्याची पाण्याची बाटली?" सहलीतून परतल्यावर क्रेडिट कार्डाचं बिल येतं, नेमकी तेव्हाच शाळेची फी भरायची असते.

हे टाळायचं असेल तर पॅकेजच्या बाहेरचा खर्च, म्हणजे वरखर्च, आधीच वेगळा मांडला पाहिजे. चौघांच्या कुटुंबासाठी तो कसा मांडायचा, पैसे कोणत्या रूपात न्यायचे आणि नियम काय आहेत, हे इथे एकत्र दिलं आहे. उदाहरण दुबईचं घेतलं आहे. सिंगापूर, हाँगकाँगसाठी रीत तीच, आकडे बदलायचे.

आधी पॅकेजचा कागद उलटून वाचा

सहल कंपनीच्या पत्रकात "समाविष्ट" ही यादी मोठ्या अक्षरात असते, "समाविष्ट नाही" ही बारीक अक्षरात. तुमचा वरखर्च त्या दुसऱ्या यादीतून सुरू होतो. हे मुद्दे विचारून लिहून घ्या:

- दुपारचं आणि रात्रीचं जेवण आहे की फक्त नाश्ता?
- पार्कचं तिकीट आहे का? असल्यास कोणत्या पार्कचं, किती दिवसांचं?
- हॉटेल ते पार्क गाडी आहे का?
- हॉटेलचा स्थानिक कर कोण भरणार? दुबईत "टुरिझम दिरहम" नावाची आकारणी आहे. हॉटेलच्या दर्जानुसार ती एका खोलीला एका रात्रीसाठी 7 ते 20 दिरहम असते आणि बहुतेकदा काउंटरवरच भरावी लागते.
- हॉटेल अनामत रक्कम घेणार का? ती परत मिळते, पण तेवढे पैसे काही दिवस अडकून पडतात.
- टीसीएस किती?

टीसीएस म्हणजे परदेशी सहलीच्या पॅकेजवर आधीच कापला जाणारा कर. 2025-26 या आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो 5 टक्के होता. म्हणजे 3 लाखांच्या पॅकेजवर 15,000 रुपये. अर्थसंकल्पात हा दर बदलू शकतो, त्यामुळे बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. हा पैसा बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण विवरणपत्र भरलंच नाही तर परत मागणार कसा? म्हणून घरात जो नियमित विवरणपत्र भरतो, त्याच्याच पॅनवर बुकिंग करा.

पार्क निवडताना मुलांची उंची मोजा

दुबईचं लेगोलँड 2 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी बेतलेलं आहे. नववीतला मुलगा तिथे तासाभरात कंटाळेल. मोशनगेट, आयएमजी वर्ल्ड्स किंवा अबुधाबीच्या यास बेटावरचं फेरारी वर्ल्ड मोठ्या मुलांना आवडतं, पण तिथल्या वेगवान पाळण्यांना किमान उंचीची अट असते. लहानग्याचं तिकीट काढायचं आणि मग त्याला बाहेर बाकावर बसवायचं, यात पैसाही जातो आणि पोराचा हिरमोडही होतो. घरीच भिंतीला उभं करून उंची मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावर ती ताडून पाहा.

सहल मे महिन्यात असेल तर दुबईचं ऊन लक्षात घ्या. बऱ्हाणपूरच्या उन्हाची सवय आहे म्हणून चालणार नाही, तिथे समुद्राची दमट हवा असते. आयएमजी वर्ल्ड्स, फेरारी वर्ल्ड आणि 2018 मध्ये सुरू झालेलं वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड ही छताखालची, वातानुकूलित पार्कं आहेत. उन्हाळ्यात ती बरी. 2022 पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणून पार्कचा दिवस सोमवार ते गुरुवार ठेवा. गर्दी कमी असली तर रांग टाळण्याचं महागडं तिकीट घ्यावं लागत नाही.

चौघांचा नमुना हिशेब

धरून चालू : आई-बाबा, 13 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा. पाच रात्री, तीन तारांकित हॉटेलात एक खोली. विमान, व्हिसा, नाश्ता आणि दोन पार्कांची तिकिटं पॅकेजमध्ये. खालचे आकडे अंदाजाचे आहेत, आपापल्या सवयीप्रमाणे कमी-जास्त करा. सोपं पडावं म्हणून 1 दिरहमला 25 रुपये धरले आहेत.

- साध्या तीन दिवसांचं दोन्ही वेळचं जेवण (एका वेळी चौघांना 110 दिरहम) : 660
- पार्कच्या दोन दिवसांचं जेवण (दुपारी 220, रात्री 110) : 660
- पाणी, चहा, आइस्क्रीम (रोज 40, सहा दिवस) : 240
- मेट्रो आणि टॅक्सी (रोज 80, पाच दिवस) : 400
- टुरिझम दिरहम (रोज 10, पाच रात्री) : 50
- पार्कमधला लॉकर, फोटो, एखादं खेळणं (दोन दिवस) : 400
- मुलांचा हातखर्च (प्रत्येकी 100) : 200
- नातेवाईक, शेजारी यांच्यासाठी भेटवस्तू : 500
- मोबाईल, इंटरनेट : 100

बेरीज 3,210 दिरहम. त्यावर अडीअडचणीसाठी साधारण 15 टक्के, म्हणजे 480 धरा. गोळाबेरीज 3,700 दिरहम, म्हणजे 92,500 रुपये.

यात एक खर्च सगळेच विसरतात : घर ते मुंबई विमानतळ आणि परत. रेल्वेचं तिकीट, कल्याण किंवा दादरहून टॅक्सी, उशिराचं विमान असेल तर विमानतळावरचं जेवण. चौघांचे दोन्ही वेळचे 15,000 रुपये धरले तर एकूण वरखर्च 1,07,500 रुपये होतो. पॅकेजची किंमत ऐकूनच ज्यांचा हात सैल झाला होता त्यांनी हा आकडा आधी घरात बसून बोलावा.

पैसे कुठे वाचतात

*जेवण :* बर दुबई, करामा, मीना बाजार या भागांत भारतीय खाणावळी भरपूर आहेत. हॉटेल तिथे असेल तर रात्रीचं जेवण चालत जाऊन होतं. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाच्या खाण्याला मात्र सवलत असते. म्हणून नाश्ता पोटभर करायचा, पार्कात एकच जेवण घ्यायचं आणि बाहेर आल्यावर हॉटेलवर दशम्या, चटणी, चिवडा काढायचा.

*एक इशारा :* संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेल्या करंज्या किंवा मसाला पिशवीत ठेवू नका. अंगावर, कपड्यांवर दाणे राहिले तरी अडचण येऊ शकते. काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवरही तिथे कडक नियम आहेत. औषध न्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी आणि औषध चालतं का, याची आधी खात्री हवी.

*प्रवास :* दुबई मेट्रोचं नोल कार्ड घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही. टॅक्सी फक्त पार्कहून रात्री परतताना, मुलं झोपाळलेली असतात तेव्हा.

*खरेदी :* तिथे 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवर पर्यटकांना त्याचा मोठा भाग विमानतळावर परत मिळतो, मात्र दुकानातच तसं सांगून बिल करून घ्यावं लागतं. सोन्याचा मोह बहुतेकांना होतो. परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यांना दागिन्यांवर जी शुल्कसवलत मिळते, ती आठवड्याच्या सहलीला लागू नाही. स्वस्त म्हणून घेतलेलं सोनं सीमाशुल्क धरून स्वस्त पडतं का, हा हिशेब दुकानात शिरण्याआधी करा.

पैसे कोणत्या रूपात न्यायचे?

सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत. वरच्या 3,700 दिरहमची वाटणी अशी करता येईल :

1. रोख 1,200 दिरहम. टॅक्सी, छोटी दुकानं, हॉटेलचा कर. दोघांच्या पाकिटांत अर्धे-अर्धे.
2. फॉरेक्स कार्डावर 2,000 दिरहम. जेवण आणि खरेदी. कार्ड भरतानाचा दर पक्का होतो, पुढे रुपया घसरला तरी फरक पडत नाही.
3. उरलेले 500 दिरहम अडीअडचणीचे. हे आपल्या बँकेच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरच राहू द्या. लागले नाहीत तर उत्तम.

भारतीय कार्ड परदेशात वापरलं की बऱ्याच बँका 3.5 टक्क्यांपर्यंत जादा आकार घेतात आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. 10,000 रुपयांच्या खरेदीवर 350 आणि 63, मिळून 413 रुपये जास्त. दुकानदार मशीन पुढे करून "रुपयांत की दिरहममध्ये?" विचारतो. रुपये ओळखीचे म्हणून आपण हो म्हणतो, पण त्यात बदलाचा दर सहसा महाग लावलेला असतो. उत्तर नेहमी "दिरहम".

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. तो आपोआप सुरू नसतो. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून घरातल्या एका तरी सिमवर रोमिंग हवं. दुबईत काही ठिकाणी यूपीआय चालतं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका.

नियम थोडक्यात

- परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला माणशी 3,000 डॉलरच्या मूल्यापर्यंत (बहुतेक देशांसाठी). त्यावरची रक्कम कार्डावर.
- चलन घेताना रोख रुपये 50,000 पर्यंतच देता येतात. पुढची रक्कम बँकेतून.
- भारतीय रुपये जाताना-येताना माणशी 25,000 पर्यंत जवळ ठेवता येतात. परतीच्या टॅक्सी-रेल्वेसाठी थोडे ठेवाच.
- चलन अधिकृत विक्रेत्याकडून किंवा बँकेतूनच घ्या आणि पावती जपा. इंदूर-जळगावला काम निघालं तर तेव्हाच दर विचारून या. विमानतळावरचा दर सहसा सगळ्यांत महाग असतो.
- उरलेलं चलन परतल्यापासून 180 दिवसांत बदलायचं असतं. 2,000 डॉलरच्या मूल्यापर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. नाणी इथे कोणी घेत नाही, ती तिकडेच संपवा.

सिंगापूर, हाँगकाँगला जाणार असाल तर

सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज सेंटोसा बेटावर आहे. चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. तिथे नळाचं पाणी पिता येतं, म्हणजे बाटल्यांचा खर्च गेला. पण हॉटेलात जेवलात तर बिलावर बहुधा 10 टक्के सेवा आकार आणि 9 टक्के जीएसटी चढतो. हॉकर सेंटर किंवा लिटल इंडियात जेवण स्वस्त पडतं. च्युइंगगम नेऊ नका, तिथे बंदी आहे.

हाँगकाँगचं डिस्नेलँड 2005 मध्ये सुरू झालं. तिथे 3 वर्षांखाली तिकीट नाही, 3 ते 11 पर्यंत मुलांचा दर. मेट्रोची खास शाखा थेट पार्कपर्यंत जाते आणि खरेदीवर विक्रीकर नाही. शाकाहारी जेवण मात्र शोधावं लागतं, त्यामुळे घरचा डबा तिथे जास्त कामाला येतो.

मुलांचे पैसे मुलांच्या हातात

हातखर्चाचे 100 दिरहम पाकिटात घालून पहिल्याच दिवशी मुलांना द्या. 13 वर्षांच्या मुलीला सगळे एकदम, 7 वर्षांच्या मुलाला रोजचे 20. संपले की संपले, वर मिळणार नाहीत, हे विमानात बसण्याआधीच सांगून ठेवा. आपल्या हातचे पैसे मोजायला लागलं की पार्कच्या दुकानातला हट्ट आपोआप कमी होतो. शिवाय दर पाच मिनिटांनी "नाही" म्हणायची पाळी आई-बाबांवर येत नाही.

पैसे जमवायचे कसे?

1,07,500 रुपयांना बारा महिन्यांनी भागलं तर महिन्याला साधारण 9,000 रुपये होतात. पगारदारांनी बँकेत वर्षाची आरडी लावावी. पॉवरलूमवर ज्यांचा हिशेब आठवड्याचा असतो त्यांनी आठवड्याला साधारण 2,100 रुपये बाजूला टाकावेत. केळीवाल्यांनी माल गेला की त्याच दिवशी सहलीचा वाटा वेगळ्या खात्यात वळवावा, कारण केळीचा भाव पुढच्या वेळी काय असेल हे कुणीच सांगू शकत नाही.

वर्षात एवढे जमले नाहीत तर सहल दिवाळीपर्यंत किंवा पुढच्या वर्षी ढकला. सोनं गहाण ठेवून किंवा कार्डाच्या हप्त्यांवर वरखर्च भागवू नका. जून महिन्यात शाळेची फी, पुस्तकं, गणवेश आणि बी-बियाणं सगळं एकदम दारात येतं. मेची सहल आणि जूनची फी यांची गाठ पडली की सहलीचे फोटो बघायचीही इच्छा राहत नाही. मुलं अजून लहान असतील तर खोपोलीच्या इमॅजिकात दोन दिवस घालवूनही ती तितकीच खूश होतात, आणि पासपोर्ट लागत नाही.

निघण्याआधी आठवडाभर

हिशेबाचा कागद फ्रिजवर लावा. रोजच्या खर्चाची सहा पाकिटं करा, त्यावर वार लिहा. आजचं पाकीट उरलं तर उद्याच्या पाकिटात घाला. उद्याचं पाकीट मात्र आज फोडायचं नाही. कार्डांचे नंबर आणि बँकेचा मदत क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाईल हरवला तर कामी येतो. आणि घराची किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे ठेवणार त्यांच्यासाठी खजुराचा डबा आणायला विसरू नका. तो भेटवस्तूंच्या 500 दिरहममध्येच बसतो.