खानदेशातील रानपिंगळा : शिकारी पक्ष्यांचा संग्रह आणि पुराव्याची विश्वासार्हता

शिकारी पक्ष्यांच्या हुबेहूब प्रतिकृती जमविण्याचा छंद आज खेळण्यांच्या दुकानापर्यंत पोहोचला आहे. तथापि पक्ष्याचे रूप नेमके टिपण्याचा आधार दीर्घकाळ संग्रहालयांतील पेंढा भरलेले नमुने हाच होता. चोचीचा बाक, पंखांवरील पट्टे, बोटांवरील पिसे हे सर्व चित्रकाराने तेथूनच उचलले. अशा नमुन्यावरील चिठ्ठीच खोटी असल्यास इतिहास कसा भरकटतो, याचे उदाहरण खानदेशात घडले.

रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केली. त्यासाठी वापरलेला पक्षी एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या परिसरात १८७२ मध्ये मिळविला होता. पुढे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात पश्चिम खानदेशात, शहादा-तळोदा भागात, या पक्ष्याचे आणखी नमुने गोळा केले. त्यांनी या प्रदेशातील पक्ष्यांची यादीही १८८२ मध्ये प्रसिद्ध केली. महसुली कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या अधिकाऱ्याला असा संग्रह सहज साधत असे; वासाहतिक प्रशासन व निसर्गविज्ञान यांची ही सांगड स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाच आढळला नाही. जगातील त्याची ओळख अवघ्या सात अस्सल नमुन्यांपुरती उरली.

अपवाद होता तो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या एका नमुन्याचा. तो १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविल्याचे त्याच्या चिठ्ठीवर नमूद होते. सलीम अली व डिलन रिप्ली यांच्यासारख्या तज्ज्ञांचे शोधही निष्फळ ठरले, आणि या अपयशास ही खोटी नोंद अंशतः कारणीभूत होती. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची क्ष-किरण आणि कापसाच्या तंतूंच्या आधारे तपासणी केली. तो डेव्हिडसन यांच्याच नमुन्यांपैकी एक असून ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर बनावट चिठ्ठी लावल्याचे त्यांनी दाखविले. हे विवेचन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्रावरील मोडी अक्षराचे वळण तपासून बनावट सनद ओळखणाऱ्या इतिहासकाराला ही पद्धत परकी वाटू नये.

मांडवी बाद झाल्यावर जुन्या अस्सल चिठ्ठ्यांवरील ठिकाणेच शिल्लक राहिली. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील स्थळे पाहिली. ती रिकामीच गेली. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तत्कालीन धुळे जिल्ह्यात, त्यांना रानपिंगळा भरदिवसा दिसला. हा पक्षी दिवसाही शिकार करतो. पेंढा भरलेल्या नमुन्याकडून हे कळण्याचा संभवच नव्हता!

१ जुलै १९९८ रोजी शहादा व तळोदा तालुके नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी तोरणमाळच्या जंगलात या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास केला. पुढे जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही त्याचे अस्तित्व नोंदले गेले. २०१८ पासून तो जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ या वर्गात आहे. सातपुड्यातील सागवानी जंगलाची तोड व अतिक्रमण मात्र थांबलेले नाही.