खुकरी: शेवटचा दीड दिवस

8 डिसेंबर 1971. भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं. आयएनएस खुकरी आणि आयएनएस किरपाण या आपल्या युद्धनौका मुंबईहून निघाल्या. त्यांच्या जोडीची कुठार बॉयलर रूममधल्या स्फोटामुळे आधीच निकामी झाली होती, म्हणून तिघींचं काम दोघींवर आलं. काम होतं पाणबुडी शोधण्याचं. शत्रूच्या पाणबुडीचे रेडिओ संदेश आपल्या केंद्रांनी टिपले होते, आणि ते दीवच्या नैऋत्येला सुमारे 35 सागरी मैलांवरून येत होते.

खुकरीवर लेफ्टनंट व्ही. के. जैन होते. नौदलातले हे तरुण अधिकारी भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करत होते. जहाजावरच्या सोनारला आणखी दूरचं ऐकू यावं म्हणून त्यांनी त्यात सुधारणा केली होती आणि तिची चाचणी याच फेरीत चालू होती. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत बसून निकालाची वाट पाहता आली असती, पण त्यांनी बनवलेलं यंत्र लढाईत उतरलं आणि त्याच्याबरोबर तेही.

8 डिसेंबर, रात्र. विनाश या क्षेपणास्त्र नौकेने कराचीवर चार क्षेपणास्त्रं डागली. केमारीचे तेलसाठे पेटले. पाच दिवसांतला कराचीवरचा हा दुसरा यशस्वी हल्ला. आपलं नौदल जिंकत होतं, ही गोष्ट पुढचं वाचताना लक्षात ठेवायला हवी.

9 डिसेंबर, पहाटे. पाकिस्तानच्या हँगोर या पाणबुडीला दोन जहाजांची चाहूल लागली. हँगोर फ्रान्समध्ये बांधलेली, दाफ्ने जातीची, अगदी नवी. खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली, 1958 साली आपल्या नौदलात आलेली. सोनार पाण्यात ध्वनी सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतो. ज्याला दूरचं ऐकू येतं, तो आधी वार करतो. इथे दूरचं ऐकू येत होतं ते हँगोरला.

9 डिसेंबर, दिवसभर. दोन्ही जहाजं ठरलेल्या पट्ट्यात फेऱ्या घालत राहिली. जैन यांच्या सुधारणेला वेग कमी लागत होता. जहाज जोरात चाललं की त्याच्याच पंख्यांचा आणि कापल्या जाणाऱ्या पाण्याचा आवाज प्रतिध्वनी गिळून टाकतो. म्हणून खुकरी 12 नॉटवर, म्हणजे ताशी जेमतेम 22 किलोमीटरने चालली होती. पाणबुडीच्या टापूत इतक्या सावकाश चालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, हे खुकरीचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांना माहीत होतं. तरीही त्यांनी तो वेग ठेवला. पुढे काहींनी सगळा दोष या संथ चालीवर टाकला. मला तो अन्याय वाटतो. जुन्या सोनारच्या जहाजांना नव्या पाणबुडीमागे पाठवलं गेलं, आणि मधली दरी भरून काढण्याची धडपड करणारा जहाजावरचा माणूस म्हणजे जैन. त्यांच्या यंत्रावर खापर फोडलं की दरी कुणी राहू दिली, हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो.

संध्याकाळ. मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना काळा रंग. जुहूच्या किनाऱ्यासमोरही हाच अरबी समुद्र. तिथून वायव्येला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, हँगोर खोल पाण्यात दबा धरून जहाजं टप्प्यात येण्याची वाट पाहत होती.

रात्री पावणेनऊच्या सुमारास. आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ. हँगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणखालून गेला, फुटलाच नाही. दुसरा खुकरीवर सोडला.

8 वाजून 50 मिनिटं. तो खुकरीच्या पोटात फुटला. दिवे गेले आणि जहाज कलंडू लागलं. खालच्या मजल्यांवरच्या माणसांना अंधारात अरुंद शिड्या चढून वर यायचं होतं, आणि त्यासाठी हाताशी वेळ होता दोन मिनिटांचा. मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं, जवळच्यांना पाण्यात उतरवलं आणि स्वतः जहाजावरच थांबले, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. खुकरी बुडाली.

त्यानंतर. तिसरा टॉर्पेडो किरपाणवर सोडला गेला. ती त्या टापूतून बाहेर पडली. पाण्यातल्या माणसांनी लाकडी फळ्या आणि तराफे धरून रात्र काढली.

10 डिसेंबर. किरपाण परतली, सोबत नौदलाची कच्छल ही नौका होती. 67 जण हाती लागले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्या 18 जणांत लेफ्टनंट जैन होते. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

आपल्या जहाजांनी आणि विमानांनी पुढचे चार दिवस हँगोरचा शोध घेतला. ती निसटली आणि कराचीला पोचली.