इयत्तेपुढचे वाचन आणि आपली मुले

मुलाची इयत्ता आणि मुलाची वाचनशक्ती या दोन गोष्टी एका चालीने चालत नाहीत, हे कोणत्याही शिक्षकाला वेगळे सांगायला नको. तिसरीत बसलेले एखादे मूल सातवीचे पुस्तक घडाघडा वाचते आणि त्याचा अर्थही सांगते. अशा मुलाच्या हाती पुढे काय द्यावे, हा प्रश्न प्रस्थापितांच्या घरात आवडीनिवडीचा असतो. आपल्या वस्तीत त्याला इतिहास आहे. पुढचे पुस्तक कोणते, हे विचारण्याआधी पुस्तक कोणाचे, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या विचारावे लागले. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझी शिक्षकी गेली. त्या अनुभवाच्या आधाराने हा इतिहास येथे मांडतो आहे. त्यातून आजच्या कार्यकर्त्याला आणि शिक्षकाला काही कसोटी हाती लागते का, हे पाहावयाचे आहे.

बारामतीला ग्रंथांची परंपरा नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) येथेच बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले. महाभारत त्यांनी आर्यांत आणले, रामायणे तर एकशे आठ रचली, असे वाङ्मयेतिहास अभिमानाने नोंदवतो. परंतु ही ग्रंथसंपदा ज्या वाड्यात ऐकली आणि वाचली गेली, त्या वाड्याचा उंबरठा महारवाड्यातल्या किंवा मांगवाड्यातल्या पोराने ओलांडावा अशी समाजाची रचनाच नव्हती. गाव तेच आणि भाषाही तीच. पण अक्षर एकाच्या घरी होते, आणि दुसऱ्याच्या वाट्याला गावकी होती.

गावातल्या कष्टकऱ्याला लिहिलेला कागद भेटला तो वेगळ्याच रूपाने. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे गाव त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. तेथून हे लोण इंदापूरकडे आणि इतर तालुक्यांत गेले. लोकांचा रोख होता तो खतांवर आणि वह्यांवर. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तेथे फारशी मारहाण झाली नाही, हे सरकारी चौकशी आयोगालाही नमूद करावे लागले. स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवायचा आणि त्याच कागदाच्या बळावर जमीन गमवायची, असा तो व्यवहार होता. १८७९ च्या कायद्याने खते सरकारी निबंधकापुढे लिहिली जावीत अशी तरतूद केली ती यामुळेच. ज्या मुलखात कागदाची पहिली ओळख फसवणुकीची झाली, तेथे पोराच्या हातातले जाडजूड पुस्तक पाहून म्हातारी आजी आजही बिचकते. याला मागासलेपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. त्या बिचकण्याला अनुभवाचा आधार आहे.

मराठीत मुलांसाठी पुस्तके मात्र लवकर छापली गेली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीति’ ही पुस्तके १८२८ ची. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक निघू लागले. या पुस्तकांनी ज्ञान दिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांनी समोर धरलेला ‘बाळ’ एका विशिष्ट घरातला होता. त्याच्या घरी वडील वाचत होते आणि त्याला खेळायला वेळ होता. शेण गोळा करणारे आणि मेलेल्या ढोराच्या मागे जाणारे मूल त्या ‘बाळ’ या शब्दात बसत नव्हते.

या पार्श्वभूमीवर १८५५ साल पाहा. त्या वर्षी ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत प्रसिद्ध झाला. फुल्यांच्या शाळेत तिचे शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे, वय चौदाच्या आसपास. तीन वर्षांच्या शिक्षणावर धर्मव्यवस्थेला जाब विचारणारी मुलगी ही आपल्या इतिहासातली इयत्तेपुढची पहिली मोठी नोंद आहे. बक्षीस म्हणून खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे ती पाहुण्या साहेबाला म्हणाली, अशी आठवण सांगितली जाते. निबंध मात्र छापील आहे, आणि तो तिच्या वाचनाची भूक दाखवायला पुरेसा आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात नव्हती. पुढे १९८० मध्ये भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. तीत बाबासाहेब सांगतात की, आपण इंग्रजी चौथी पास झालो तेव्हा लोकांनी सभा भरवली आणि दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र आपल्याला भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात. दोन्हींतले कोणतेही धरले तरी मुद्दा बदलत नाही. १८९८ साली निघालेले हे पुस्तक शाळकरी मुलासाठी लिहिलेले नव्हते. केळुसकरांनी इयत्ता पाहिली नाही, समोरचा वाचक पाहिला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाशी त्यांची ओळख होती आणि ते त्याला पुस्तके देत असत. त्याच मुलाला एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्याला फारसी घ्यावी लागली, हे शेजारी ठेवून वाचावे. एकाने बुद्धी पाहून दार उघडले, दुसऱ्याने जन्म पाहून बंद केले.

पण त्या प्रस्तावनेतला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावाने वडिलांना विचारले की, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारे हे ग्रंथ आपण का वाचायचे? वडिलांना हा प्रश्न आवडला नाही, तरी त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य आहोत, मुलांच्या मनात न्यूनगंड बसण्याचा धोका आहे. द्रोण आणि कर्ण ही लहान माणसे किती उंच गेली ते पाहा, वाल्मीकी तर कोळी होता, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. महाभारतातले एकही पात्र आपल्याला आवडत नाही, असे तो म्हणाला, आणि वडील गप्प राहिले. मुलाच्या मनात बंड आहे हे त्यांनी ओळखले होते.

मुलांना कोणती पुस्तके द्यावीत याविषयी आपल्या समाजात झालेला हा सर्वांत मोलाचा वाद आहे, असे माझे मत आहे. रामजींची कसोटी अशी की, पुस्तकाने मुलाची मान ताठ व्हावी. भीमरावाची कसोटी अशी की, त्या पुस्तकात मान कोणाची खाली घातली आहे ते पाहावे. दोन्ही कसोट्या आजही लावल्या पाहिजेत. मोरोपंतांनी बारामतीत बसून जी दोन महाकाव्ये घोळवली, त्यांच्यावरच एका अस्पृश्य घरात बाप-लेकांचा हा वाद झाला. वाद होऊ देणारा बाप होता म्हणून वाचक घडला.

चळवळीने हा प्रश्न पुढे नेला. १९२३ च्या बोले ठरावात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांची नावे आहेत. ग्रंथालयाचे नाव त्यात नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत ग्रंथालये काढणे हे स्पष्टपणे घातले गेले. १९२५ मध्ये इंदापूरच्या शेजारच्या सोलापुरात सभेने वसतिगृह सुरू केले. इकडे सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले होते, आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरत होत्या. मुंबई इलाख्यातल्या आपल्या गावांना त्या पेट्या दिसल्या नाहीत. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तोपर्यंत वाचन म्हणजे बहुतांशी वर्गणी आणि अनामत परवडणाऱ्यांची गोष्ट होती.

मधल्या काळात आपली माणसे मिळेल तेथे वाचत होती. नीरेपलीकडे फलटणला बेबीताई कांबळे दुकानात पुडी बांधायला आणलेल्या रद्दीतले मजकूर वाचत, आणि आपले लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. त्यातून ‘जिणं आमुचं’ आले. त्याच मुलखातले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे. रद्दीवर पोसलेले वाचन असे फळाला आले म्हणून रद्दीचा गौरव करण्याचे कारण नाही. ज्यांना रद्दीही मिळाली नाही त्यांची मोजदाद कोण करणार?

आजची स्थिती काय आहे? नीरेच्या डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला, उसाने माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने आणले, आणि कारखान्यांमागून दरसाल मराठवाड्यातल्या कोयत्यांच्या कोप्या आल्या. त्या कोप्यांत मी अशी मुले पाहिली की जी वाढ्याच्या भाऱ्यावर बसून थोरल्या भावाचे पुस्तक संपवत. एका वाचनालयात मुलाला पुस्तक देण्याआधी त्याची इयत्ता विचारली जाई आणि इयत्तेप्रमाणे कपाट ठरे. चौथीतल्या पोरीला चित्रांची पातळ पुस्तके मिळत, आणि ती पाच मिनिटांत परत घेऊन उभी राही. हंगाम संपला की पोरगी गावी, पुस्तक कपाटात.

येथे कार्यकर्त्यांच्याही एका सवयीचा विचार केला पाहिजे. असे मूल दिसले की आपण उत्साहाने त्याच्या हाती ‘बलुतं’ देतो. ‘बलुतं’ (१९७८) थोर आहे. त्यात बालपण आहे, पण ते मुलांसाठी लिहिलेले नाही. नऊ वर्षांची मुलगी त्यातला प्रत्येक शब्द वाचू शकेल. त्यातल्या बायांचे दुःख तिने एकटीने पेलावे अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे. तिने ते भोग पाहिलेले असतात, हा युक्तिवाद मला मान्य नाही. पाहिले आहे म्हणूनच सोबत हवी. ते पुस्तक थोड्या वर्षांनी, मोठ्या माणसाबरोबर, बोलत बोलत वाचावे. ‘फकिरा’तले शौर्याचे प्रसंग मात्र निवडून आधी वाचून दाखवता येतात.

दुसरे असे की, आपल्या मुलांना केवळ आपल्या दुःखाचीच पुस्तके द्यावीत हाही एक तुरुंगच आहे. देवमासा, धूमकेतू, जुनी जहाजे, दूरच्या देशांचे नकाशे यांच्यावर त्यांचा तेवढाच हक्क आहे. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक, वरच्या इयत्तांची भूगोल-विज्ञानाची पाठ्यपुस्तके, एक चांगला शब्दकोश, एवढ्या भांडवलावर एक मूल वर्षभर पुढे जाते. पाठ्यपुस्तके जून महिन्यात वस्तीतल्या पोरांकडून गोळा केली तर ती फुकट मिळतात. ती एका पत्र्याच्या पेटीत भरून कोपीकोपीने फिरवता येतात. बडोद्याने जे संस्थानाच्या खजिन्यातून केले, ते एका तरुण मंडळाला जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला काढून करता येईल.

पेटी फिरवणाऱ्याने मुलाला इयत्ता विचारू नये. मागचे पुस्तक कसे वाटले, ते विचारावे. आणि मूल म्हणाले, “मला यातले कोणीच आवडले नाही,” तर त्याला गप्प न करता पुढचे पुस्तक द्यावे.