पाऊस लागला की ती कुठे जातात?



माझे वडील मुरबाडच्या आठवडे बाजारात बांगड्या विकत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायचो. अशाच एका वैशाखात काळू नदीच्या ओल्या वाळूवर मला पांढुरक्या फुलपाखरांचा थवा बसलेला दिसला. पंखांवर काळे पट्टे, कडेला ठिपक्यांची रांग आणि मागे तलवारीसारख्या दोन लांब शेपट्या. तिथे म्हशी राखणाऱ्या एका ठाकर बाबांना मी विचारलं, "बाबा, ही कुठून आली?"

"उन्हाळ्यात येतात. पाऊस लागला का जातात."

"कुठं?"

बाबा नुसते हसले. त्या 'कुठं'चं उत्तर मिळायला मला चाळीस वर्षं लागली.

या फुलपाखराचं इंग्रजी नाव स्पॉट सोर्डटेल. ज्या कुळाला स्वॅलोटेल म्हणतात, त्यातलंच हे. याच कुळातली सर्वांत लहान, पण अंगापेक्षा लांब शेपटीची फुलपाखरं ईशान्य भारताच्या सदाहरित जंगलात असतात. आपल्या पानगळीच्या जंगलात येतं ते हे.

शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं नोमियस. १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियसने या कुळातल्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं वाटली होती. आपल्याकडचं एक काळं-तांबडं फुलपाखरू त्यामुळे हेक्टर झालं. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस एस्पर या जर्मन अभ्यासकाने 'नोमियस' हे नाव रूढ केलं. ग्रीक भाषेत 'नोमिऑस' हे अपोलोचं एक विशेषण आहे. अर्थ, गुराखी! हे वाचलं तेव्हा मला काळूकाठचे बाबा आठवले.

पण नाव कळलं म्हणजे चरित्र कळलं असं नव्हे. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, तसा साताऱ्यात जन्मलेला एडवर्ड अेटकेनही होता. अेटकेन मिठाच्या खात्यात, डेव्हिडसन कलेक्टर आणि बेल वनखात्यात. या तिघांनी मिळून तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांचा अभ्यास केला. कोणती अळी कोणत्या झाडाची पानं खाते, कोष कुठे करते, हे त्यांनी अळ्या पाळून पाहिलं. मेलेली फुलपाखरं टाचणीला लावणारे पुष्कळ होते. जिवंत फुलपाखराच्या घरी जाणारे हे थोडे.

अशा निरीक्षणांतून नोमियसचं चरित्र उलगडलं. उन्हाळ्यात मादी हुंबाच्या कोवळ्या पानांवर अंडी घालते. नर ओल्या वाळूवर जमून क्षार शोषतात. पावसाच्या सुरुवातीला अळी झाडावरून उतरते आणि दगडाखाली, मुळांच्या फटीत जाऊन कोष करते. मग बहुतेक कोष पावसाळाभर, हिवाळाभर तसेच पडून राहतात. पौषात म्हसाची जत्रा भरते, गुरांचे सौदे होतात, तेव्हाही हा 'गुराखी' मातीत झोपलेलाच असतो. पुढच्या उन्हाळ्यात तो पंख घेऊन बाहेर येतो.

म्हणजे ती कुठेच जात नव्हती. आमच्या पायाखालीच होती.

हे कळल्यावर आनंद झाला, पण मागोमाग एक आठवण टोचू लागली. कॉलेजात असताना मित्रांबरोबर डोंगरावर गेलो होतो. फाल्गुनातलं वाळलं गवत पाहून आमच्यातल्या एकाने काडी ओढली. तो एक मीच होतो. उतार रात्रभर जळत राहिला. काही मोठं झाड पडलं नाही, म्हणून काही नुकसान झालं नाही असं आम्ही समजलो. रिकाम्या दिसणाऱ्या त्या पाचोळ्याखाली कोण झोपलं होतं, ते आम्हाला कुठे ठाऊक होतं?

वणव्याची गोष्ट निघाली की लोक पटकन आदिवासींकडे आणि राबाकडे बोट दाखवतात. ही तक्रार जुनी आहे. ठाणे-कुलाब्यातल्या लोकांची वनखात्याविरुद्धची गाऱ्हाणी ऐकायला सरकारने १८८५ मध्ये आयोग नेमला, त्यातही राब हा मोठा वादाचा विषय होता. पण राब भाताच्या रोपासाठी शेतात भाजतात, त्याची राखण करतात. डोंगर पेटवून निघून जाणं ही वेगळी गोष्ट आहे. ती करणाऱ्याला जात-जमात नसते; माझ्यासारखा शिकलेलाही ती करतो.

२०१५ मध्ये महाराष्ट्राने राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं आपलं पहिलं राज्य. चांगलंच झालं. पण उडणाऱ्या फुलपाखराचं कौतुक करणं सोपं आहे. मुरबाड-शहापूरच्या डोंगरांत फाल्गुन-चैत्रात जाल, तेव्हा एकही फुलपाखरू न दिसणाऱ्या त्या वाळल्या उतारावर काडीपेटी खिशातच राहू द्या. हुंबाचं झाड दिसलं तर त्याच्या बुंध्याशी जपून पाय टाका.

बाबा आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं, "बाबा, ती जात नाहीत. हितंच असतात."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)