हवामान बदल आणि राज्य सरकारे : आराखड्यापासून गावापर्यंतची वाटचाल

हवामान बदलाविषयीची चर्चा प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये होत असली, तरी त्याचे परिणाम जिल्हा, तालुका आणि गाव या पातळ्यांवर जाणवतात. लांबलेला पाऊस, अवकाळी गारपीट, उष्णतेची लाट, चक्रीवादळ किंवा अचानक आलेला पूर यांना सर्वप्रथम सामोरे जावे लागते ते स्थानिक प्रशासनाला. त्यामुळे भारतासारख्या संघराज्यात हवामान बदलाशी मुकाबला करण्याच्या कामात राज्य सरकारांची भूमिका निर्णायक ठरते. गेल्या दीड दशकात जवळपास सर्वच राज्यांनी यासाठी कृती आराखडे तयार केले. काही ठिकाणी त्यांतून हजारो जीव वाचवणारी यंत्रणा उभी राहिली, तर काही ठिकाणी तयारी पूर्ण होण्याआधीच आपत्ती येऊन ठेपली.

घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती, पाणी, जमीन आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्य सूचीत आहेत. वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. वने पूर्वी राज्य सूचीत होती; १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तीही समवर्ती सूचीत आणण्यात आली. आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारचा आहे. परिणामी, उत्सर्जन कपातीचे वचन केंद्र सरकार देते, परंतु ते पूर्ण करण्यासाठी लागणारे बहुतांश निर्णय राज्यांच्या राजधान्यांमध्ये घेतले जातात.

पॅरिस करारांतर्गत भारताने ऑगस्ट २०२२ मध्ये आपली उद्दिष्टे सुधारित केली. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करणे आणि विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मा वाटा जीवाश्म इंधनाव्यतिरिक्त अन्य स्रोतांपासून मिळवणे, ही त्यांतील प्रमुख उद्दिष्टे होती. यांपैकी दुसरे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. त्यात गुजरात, राजस्थान, तामिळनाडू, कर्नाटक यांसारख्या राज्यांतील सौर व पवन प्रकल्पांचा मोठा वाटा आहे.

कृती आराखड्यांची सुरुवात

तत्कालीन प्रधानमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखडा जाहीर करण्यात आला. सौर ऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता, शाश्वत अधिवास, जल, हिमालयीन परिसंस्था, हरित भारत, शाश्वत शेती आणि धोरणात्मक ज्ञान अशी आठ अभियाने त्यात अंतर्भूत होती. त्यानंतर २००९ मध्ये राज्यांनीही आपापले आराखडे तयार करावेत, असे केंद्राने सुचवले. आजवर ३४ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांनी असे आराखडे तयार केले आहेत.

हे आराखडे दोन अंगांनी विचार करतात. पहिले अंग म्हणजे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे. दुसरे, जे बदल आता टळण्याजोगे नाहीत त्यांच्याशी जुळवून घेणे, अर्थात अनुकूलन. राज्यांच्या दृष्टीने अनुकूलनाचे महत्त्व अधिक आहे, कारण पीक बुडाले किंवा घर वाहून गेले, तर नागरिक दाद मागतात ती राज्य सरकारकडे.

ओडिशा : महाचक्रीवादळानंतरची वीस वर्षे

राज्यपातळीवरील तयारीचे सर्वाधिक उल्लेखनीय उदाहरण ओडिशाचे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळात या राज्यात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. जगतसिंहपूर जिल्ह्याला त्याचा सर्वाधिक तडाखा बसला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, उष्णतेच्या लाटेने राज्यात दोन हजारांहून अधिक बळी घेतले होते.

महाचक्रीवादळानंतर काही आठवड्यांतच राज्य सरकारने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००५ मध्ये झाला. किनाऱ्यालगत टप्प्याटप्प्याने आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे उभारण्यात आले. एरवी शाळा किंवा गावसभागृह म्हणून वापरात असल्याने यांतील अनेक इमारतींची निगा राहते, आणि संकटकाळी कोठे जायचे हे गावातील लहान मुलांनाही ठाऊक असते. गावोगावी स्वयंसेवकांची पथके तयार करण्यात आली, नियमित सराव सुरू झाला. २०१८ मध्ये सहा किनारी जिल्ह्यांत भोंगे बसवलेले १२२ मनोरे कार्यान्वित झाले.

या तयारीची परीक्षा २०१३ च्या फायलिन आणि २०१९ च्या फनी या चक्रीवादळांत झाली. फायलिनच्या वेळी सुमारे दहा लाख, तर ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ धडकलेल्या फनीपूर्वी सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले. फनीमध्ये राज्यात ६४ जणांचा मृत्यू झाला. १९९९ च्या तुलनेत हा आकडा अत्यल्प असला, तरी घरे, नारळीच्या बागा आणि वीजवाहिन्या यांची हानी प्रचंड होती. जीवितहानी रोखण्यात राज्याला यश आले आहे. उपजीविका वाचवण्याचे आव्हान मात्र कायम आहे.

अहमदाबाद : उष्णतेचा इशारा

मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसवर पोहोचले. त्या महिन्यात शहरात नेहमीच्या तुलनेत १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळून आले. उष्णतेचे बळी पूर किंवा वादळातील बळींप्रमाणे डोळ्यांना दिसत नाहीत; ते रुग्णालयांच्या आणि स्मशानभूमींच्या नोंदींत विखुरलेले असतात. या नोंदी एकत्र केल्यावरच संकटाचे खरे स्वरूप पुढे आले.

त्यातून २०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने दक्षिण आशियातील पहिला शहरपातळीवरील उष्णता कृती आराखडा अमलात आणला. अंदाजित तापमानानुसार पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे निश्चित करण्यात आले. कमाल तापमान ४५ अंश वा त्याहून अधिक राहण्याची शक्यता असल्यास लाल इशारा दिला जातो. कोणत्या इशाऱ्यानंतर कोणत्या विभागाने काय करायचे, म्हणजे पाणपोया कोठे वाढवायच्या, बागा किती वेळ खुल्या ठेवायच्या, रुग्णालयांनी कोणती तयारी करायची, हे आधीच ठरवून देण्यात आले. या उपायांमुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी याच धर्तीवर पावले उचलली.

पाणी आणि शेती : महाराष्ट्र

महाराष्ट्राने राज्य कृती आराखडा २०१७ मध्ये स्वीकारला. राज्यातील बहुसंख्य शेती पावसावर अवलंबून असल्याने विदर्भ आणि मराठवाडा हे विभाग त्यात विशेष संवेदनशील मानले गेले. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावांत राबवण्यात आला. गावाच्या शिवारात पाऊस किती पडतो, त्यातील किती पाणी मुरते, किती वाहून जाते आणि पिकांना किती लागते, याचा ताळेबंद मांडणे हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होते. त्यासाठी लागणारी गणनपद्धती मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने विकसित करण्यात आली.

या ताळेबंदाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. शेततळी, ठिबक संच आणि नव्या विहिरी यांना अनुदान दिल्याने एका शेतकऱ्याला दिलासा मिळतो. मात्र, सर्वांनी एकाच भूजलसाठ्यातून उपसा वाढवला, तर संपूर्ण गावाची टंचाई वाढते. गावाने पाण्याचा हिशेब एकत्रितपणे पाहिला, तरच पीकपद्धतीविषयीचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

नागरी व ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थांना सहभागी करून घेण्यासाठी राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. मुंबईचा स्वतंत्र हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ऊर्जा : सौर पटले आणि कोळसा खाणी

गुजरातने २००९ मध्ये हवामान बदलासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. पाटण जिल्ह्यातील चारणका येथील सौर उद्यान २०१२ मध्ये राष्ट्राला समर्पित करण्यात आले. त्याच वर्षी मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासन येथे नर्मदा कालव्याच्या सुमारे ७५० मीटर लांबीच्या भागावर सौर पटले बसवून एक मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यामुळे शेतजमीन न वापरता वीजनिर्मिती होते आणि कालव्यातील पाण्याचे बाष्पीभवनही कमी होते.

कोळसा उत्पादक राज्यांचा प्रश्न वेगळा आहे. खाणी, वाहतूक आणि औष्णिक केंद्रे यांवर तेथील लाखो कुटुंबांचा चरितार्थ आणि राज्याचा महसूल अवलंबून आहे. झारखंडने नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय्य स्थित्यंतरासाठी कृतिदल नेमले. अशा प्रकारचे ते देशातील पहिलेच होते. खाण बंद झाल्यानंतर तेथील कामगाराने काय करावे, याचे उत्तर ऊर्जा खात्याकडे नसते. ते उद्योग, शिक्षण, जमीन आणि समाजकल्याण या विभागांनी मिळून शोधावे लागते.

केरळ आणि सिक्किम : डोंगरउतारांवरील प्रश्न

केरळमधील वायनाड जिल्ह्यातल्या मीनंगाडी ग्रामपंचायतीने २०१६ मध्ये कर्ब-तटस्थ होण्याचा संकल्प केला. राज्य सरकारच्या पाठबळावर तेथे ‘वृक्ष तारण’ योजना सुरू झाली. शेतकऱ्याने लावलेले झाड तारण ठेवून त्याला प्रत्येक झाडामागे वर्षाला ५० रुपये याप्रमाणे दहा वर्षे बिनव्याजी रक्कम मिळते. झाड तोडले, तर ती परत करावी लागते. याच वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ रोजी झालेल्या भूस्खलनाने शेकडो बळी घेतले. उत्सर्जन कमी करणाऱ्या गावालाही आणि त्याच्या शेजाऱ्यालाही अतिवृष्टीपासून सूट मिळत नाही, हे या दुर्घटनेने अधोरेखित केले.

सिक्किम जानेवारी २०१६ मध्ये देशातील पहिले पूर्णतः सेंद्रिय शेतीचे राज्य म्हणून घोषित झाले. आटत चाललेले डोंगरी झरे पुनरुज्जीवित करण्यासाठी तेथील ग्रामविकास विभागाने २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रम हाती घेतला. उतारावर चर खणून पावसाचे पाणी जिरवण्याची ही पद्धत पुढे अन्य हिमालयीन राज्यांसाठी अनुकरणीय ठरली.

मात्र, याच राज्यात ३ व ४ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यानच्या रात्री दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले. तीस्ता नदीला आलेल्या लोंढ्यात चुंगथांग येथील १,२०० मेगावॅट क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाचे धरण वाहून गेले. हे सरोवर धोकादायक असल्याचे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. २०१६ मध्ये नळ टाकून त्यातील पाणी काढण्याचा प्रयत्नही झाला होता. परंतु पूर्वसूचना यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित होण्याआधीच दुर्घटना घडली. ओडिशात वादळाची सूचना गावातील निवाऱ्यापर्यंत पोहोचवणारी साखळी उभी राहिली होती. तीस्तेच्या खोऱ्यात धोका माहीत होता, ती साखळी अपूर्ण होती.

निधीचा प्रश्न

आराखड्यांच्या अंमलबजावणीतील मुख्य अडचण निधीची आहे. राज्यांना अनुकूलनासाठी साह्य करण्याच्या हेतूने २०१५ मध्ये राष्ट्रीय अनुकूलन निधी स्थापन झाला आणि नाबार्डकडे त्याची अंमलबजावणी सोपवण्यात आली. त्यातून २७ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुमारे ८४७ कोटी रुपयांचे ३० प्रकल्प मंजूर झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये योजना म्हणून त्याचे स्वरूप संपुष्टात आणण्यात आले.

दुसरा मार्ग वित्त आयोगाचा. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना १४ व्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला साडेसात टक्के भारांक दिला; १५ व्या आयोगाने वने व पर्यावरण या निकषासाठी तो १० टक्के केला. आपत्ती निवारणाच्या एकूण तरतुदीपैकी २० टक्के रक्कम आपत्ती टाळण्याच्या उपायांसाठी राखून ठेवण्याची शिफारसही १५ व्या आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी केली. त्या कालावधीत उष्णतेची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत नव्हती. स्थानिक आपत्ती म्हणून ती घोषित केल्यास प्रतिसाद निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची मुभा राज्यांना होती. ओडिशाने तशी घोषणा केली होती.

आपल्या अर्थसंकल्पातील किती खर्च हवामान बदलाशी निगडित आहे, हे तपासण्याचा प्रघातही काही राज्यांनी पाडला. ओडिशाने हवामान अर्थसंकल्प आणि बिहारने हरित अर्थसंकल्प २०२०-२१ मध्ये मांडला. एकीकडे वनीकरणावर खर्च होत असताना दुसरीकडे पूररेषेत बांधकामाला अनुदान दिले जात असेल, तर ही विसंगती अशा पाहणीतून समोर येऊ शकते.

यशाच्या समान बाबी

वरील उदाहरणांमधून काही समान बाबी दिसून येतात. जेथे या कामासाठी कायमस्वरूपी कार्यालय आहे, प्रत्येक विभागाची जबाबदारी लेखी निश्चित आहे, निधीची तरतूद संकटापूर्वी झालेली आहे आणि इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो की नाही याची सरावातून खातरजमा केली जाते, तेथे आराखडा उपयोगी ठरतो. यांपैकी एकही दुवा निसटला, तर उत्तम शास्त्रीय अभ्यासही वेळेवर कामी येत नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यासाठी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि जिल्हा आराखडा असणे बंधनकारक आहे. आपल्या गावाचा निवारा कोणता, इशारा कोण देणार आणि हा आराखडा शेवटचा केव्हा सुधारला गेला, ही माहिती नागरिक व ग्रामसभा जिल्हा प्रशासनाकडे मागू शकतात. राज्याच्या आराखड्याची खरी कसोटी या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच लागते.